आईचा पत्ता

उरणकडच्या आमच्या गावात आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मी तिला नेरूळला माझ्या फ्लॅटवर आणलं. सोसायटीच्या मागच्याच गल्लीत पालिकेचं ज्येष्ठांचं केंद्र. तिथं व्यायाम करून घेणाऱ्या बाई, दुपारचा चहा, बोलायला माणसं, सगळं फुकट. गावात यातलं काहीच नाही. म्हातारी माणसं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नुसती बसून असतात.

आईला ते पटेना. "फुकट कोन देतं, बाय? सरकारनं जमीन घेतली तवा पन असंच गोड बोललं व्हतं."

तरी गेली. सुरुवातीला पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायची. चहा आला की आधी दुसरी कोणी पितेय का ते बघायची. पण व्यायामाच्या बाईंनी चिकाटीनं पाय वाकवून घेतला आणि आई वॉकर सोडून काठीवर आली.

मग केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे इथल्या रहिवाशांसाठी आहे. आईंच्या आधारवर गावचा पत्ता आहे. तेवढा बदलून घ्या. मग कुणी विचारलं तरी टेन्शन नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. ती काठी टेकवून उभीच राहिली.

"मंजे गावातून माजं नाव काढनार?"

"नाव नाही गं, नुसता पत्ता."

"अंगठा द्यावा लागंल?"

"हो."

त्यानंतर ती केंद्रात गेली नाही.

त्याच संध्याकाळी गावातल्या धाकट्या भावाचा फोन आला; आईनं त्याला कळवलं होतं. आईचा पाय कसा आहे, हेही त्यानं विचारलं नाही. "ताई, आईचा पत्ता तुझ्याकडं कशाला फिरवतेस? आईच्या नावावरच्या मागच्या वाडीला गिऱ्हाईक आलंय, ते कळलं वाटतं तुला."

मला खरंच काही माहीत नव्हतं. तसं सांगितलं, तर तो "बरं" म्हणाला. पण फोन ठेवल्यावर माझ्याच मनात किडा वळवळायला लागला: गिऱ्हाईक कोण, आणि यानं मला आधी का नाही सांगितलं?

त्याच आठवड्यात तो गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. तिकडे व्यायाम सुटला, पाय पुन्हा आखडला, वॉकर परत आला. मी रविवारी जाते आणि बघून शिकलेलं तेवढं करून घेते. पूर्वी मी आले की भाऊ माझ्यासाठी मासळी आणायला बाहेर पडायचा. आता आईपाशी मी असेपर्यंत तो दारात खुर्ची टाकून बसतो.