ठरवून केलेली चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

गोरेगावच्या — मुंबईतलं नव्हे, आमच्या तालुक्याचं — एका अध्यापक विद्यालयात मी होणाऱ्या शिक्षकांना शिकवते. शिकवताना आपल्याच डोक्यात काय चाललंय, कुठे चुकतंय, हे आपलं आपल्याला कळायला हवं — ते दाखवायला मी माझ्या एका तासाचा व्हिडिओ केला होता. त्यात मी चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवते. मध्येच थांबते. म्हणते, "थांबा, माझं काहीतरी चुकलं." मग वेगळ्या रीतीने समजावते आणि मुलं भराभर बोलू लागतात. सगळे म्हणायचे, किती प्रामाणिक!

मंगला माझी विद्यार्थिनी, चिचगडची. घरातून इतकं शिकायला निघालेली पहिलीच. तिने तो व्हिडिओ मोबाइलवर घेतला, पुन्हा पुन्हा पाहिला. सराव पाठात ती तशीच थांबली, तसंच बोलली — आणि वर्ग गप्प. पुढच्या पाठातही तेच. मग माझ्याकडे आली.

"मॅडम, तुमचे पोरं लगेच बोलतात. माझे चूपच बसून राहतात. काऊन?"

काऊन — मला माहीत होतं. माझी ती चूक ठरवलेली होती. मुलांची उत्तरंसुद्धा मीच घोटून घेतली होती. त्याआधी एक खरा तासही रेकॉर्ड केला होता मी. त्यात मुलं गप्प होती, आणि मी चिडून एका पोरीला कान धरून उभं केलं होतं. तो मी पुसून टाकला.

एवढंच मी तिला सांगायला हवं होतं. पण दाराशी तिच्या मैत्रिणी थांबलेल्या — ही त्यांना सांगेल, मग सगळ्यांना कळेल... मी म्हणाले, "तू स्वतःकडे नीट बघत नाहीस, मंगला. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही."

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परतलीच नाही. व्हिडिओ मी अजूनही दाखवते.

मागच्या वर्षी आठवडी बाजारात भेटली. कडेवर लेक. तोंड फिरवेल असं वाटलं होतं — पण वाकून नमस्कार केला तिने.

"बरं झालं मॅडम, तुम्ही तवाच सांगतलं. मी तं शिकवूच नसती शकली."

आसपास ओळखीचं कुणी नव्हतं. घाई नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो."