जंगलात चूल पेटवू देत नाहीत

मैत्रिणींनो, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

डांगच्या जंगलात दोन दिवस राहायचं माझ्या कधीपासून मनात होतं. खोल्या, गाडी, सगळं मीच शोधलं. आज दुपारी मोठे दीर आणि जाऊबाई आमच्याकडे डिंडोलीला आले, तेव्हा सांगितलं. तिथे चूल पेटवू देत नाहीत, जेवण कॅन्टीनमध्येच, हेही सांगितलं.

दीर म्हणाले, "मग वांगी कुठं भाजायची? थंडीत बाहेर जायचं आणि भरीत नाही?"

नवरा लगेच म्हणाला, "बराबर आहे. त्यापेक्षा भाऊंच्या मित्राच्या शेतावर जाऊ."

झालं, जंगल रद्द. जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भरितासोबत कळण्याच्या पिठाच्या पुऱ्या तूच कर गं, तुझ्या चांगल्या होतात."

मला ते जंगल आवडलं होतं, कारण तिथे मला चुलीपुढे बसायला लागणार नव्हतं. हे बोलायचं राहिलं. चहाचे कप उचलून मी आत गेले.

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणतोय, "तोंड कशाला पाडलंय? झाडं शेतावरपण आहेत."

सांगा, याला काय उत्तर देऊ?