गालावरची धूळ

माझ्या बायकोने आयुष्यात एकच मोठं तैलचित्र करायला घेतलं, आणि तेही नक्कल. मूळ चित्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज चित्रकर्तीचं. तिने ते एका कवितेवरून रंगवलं होतं: नदीकाठी एक बाई नावेची वाट पाहत उभी आहे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. बायको रंगवत असताना मी ती कविता वाचून मराठीत सांगायचो.

"येते का मंग नाव?" तिने एकदा विचारलं.

"कवितेत तरी नाही येत."

"मंग इचा चेहरा एवढा शांत काहून आहे? तुमच्या कवीले ठाऊक आहे. इले अजून नाही."

इतकी वर्षं ती कविता शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

चेहरा तिने शेवटासाठी ठेवला होता. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहराशेजारच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ सकाळी पुसली तर संध्याकाळी पुन्हा बोटाला लागते, आणि तैलरंग कित्येक दिवस ओलाच राहतो. म्हणून ती खिडक्या लावून काम करी आणि उठताना दोन खुर्च्यांवरून एक जुनं लुगडं चित्रापुढे सोडी. चेहरा पुरा झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती गेली. हृदय बंद पडलं.

दहाव्याला सुतक फिटताना घरातलं सगळं कापड धुवायचं असतं. माझ्या वहिनीने तेही लुगडं नेलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. तिचं काही चुकलं नाही. सांगायला मी हवा होतो, आणि मी खारून नदीच्या घाटावर कावळ्याची वाट पाहत बसलो होतो.

परतलो तेव्हा त्या चेहऱ्यावर बारीक काळे कण चिकटले होते.

"पापा, रहने दो," मुलगी म्हणाली. ती आमच्याशी हिंदीतच बोलते. "सूखने के बाद किसी से पूछ लेंगे."

"तुझ्या आईले असं चाललं नसतं," मी म्हणालो.

टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून हलकेच फिरवला. धूळ निघाली. तिच्याबरोबर गालही निघाला, खालचा पांढरा कॅनव्हास दिसला. तिथे थांबायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा फिरवला आणि ओठाचा कोपरा गेला.

मुलीने माझ्या हातातून कापूस काढून घेतला. त्यावर करडा-गुलाबी रंग होता.

"इसको फेंक दूँ?" तिने विचारलं.

मी टर्पेंटाइनच्या बाटलीला झाकण लावलं. ती तो कापूस हातात धरून तशीच उभी राहिली.