पायव्यात गेलेला वरवंटा

पौषातलं धुकं वैनगंगेवरून उठून वस्तीत असं बसलं होतं, की परसातल्या मुनग्याच्या झाडाचा नुसता बुंधाच दिसत होता. तेजराम मिस्त्री कानाला गमछा बांधून रेती चाळत होता. अर्धा जन्म भरवेलीच्या खदानीतल्या लोकांची घरं बांधण्यात गेलेला. आज काम घरचंच होतं, आणि मालकीण हिंदी शाळेत पहिलीत शिकणारी नात, राखी.

"दादाजी, मेरे घर में खिडकी रहेगी ना?"

"हौ बाई, दोन खिडक्या. पहिले पायवा तं होऊ दे."

या खेळघराचं कारण आत पाळण्यात होतं. भाऊ झाल्यापासून राखी गप्प गप्प राही. तिची आई, म्हणजे सून दीपिका, दिवसभर बाळाच्या मागे. एकदा पोरगी म्हणाली, "उसका झूला है, मेरा क्या है?" तेजरामच्या तोंडून निघून गेलं, "तुले घर बांधून देतो." तेव्हापासून तिनं त्याचा पिच्छा सोडला नव्हता.

हातभर खोल चर, तळाशी दगड, वर सिमेंट-गिट्टीचा माल. माल ओतायला घेतला, तर एका कोपऱ्यातली पोकळी काही भरेना. गिट्टी संपलेली. न्हाणीमागे एक लांबट दगड दिसला, तो त्यानं उचलला. हाताला गुळगुळीत लागला. बोटांनी ओळखलं, हा वरवंटा. जरा थबकला. मग मनाशी म्हणाला, मिक्सर आल्यापासून याले कोन विचारते? कोपऱ्यात ठेवला, हातोडीनं ठोकून बसवला, वरून माल लोटला, थापी फिरवली. राखीनं नेमका त्याच कोपऱ्यावर आपला पंजा उमटवला आणि टाळ्या पिटत आईला सांगायला पळाली.

ऊन चढलं तशी शीला, त्याची बायको, घर उलथंपालथं करू लागली.

"अवो, वरवंटा दिसला का कुठी?"

"नाई बा. काहून?"

"काहून म्हंजे? उद्या नातवाचं बारसं हाये. पाळण्यात काय मिक्सरचं भांडं निजवू?"

तेजरामला तेव्हा आठवलं. वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून फिरवायचं, बाळाआधी त्यालाच निजवायचं, म्हणजे लेकरू तसंच घट्टमुट्ट होतं. गजेंद्र आणि मंजू, त्याच्या दोन्ही पोरांच्या बारशात हाच वरवंटा होता. पण तेजराम दोन्ही वेळा कुठल्यातरी कामावर होता. बारसं बायांचं, आपल्याला काय. शीलानं विचारलं तेव्हाच सांगून टाकलं असतं तर चाललं असतं. पण 'नाई' तोंडातून निघून गेलं होतं, आणि ते मागं घ्यायला जीभ उचलेना.

शीला कुंपणाशी गेली. पलीकडे चंपाबाई धान वाळवत होती.

"चंपाबाई, दिवाळीत जवस वाटाले वरवंटा नेलता तू. वापस केला का?"

"दुसऱ्याच दिवशी आणून देल्ला. तुह्याच हातात."

"मले तं आठवत नाई."

"म्हंजे मी चोरला? गोट्यानं माह्या घराले सोनं लागणार हाये का, शीला? तुह्या दोन्ही लेकरांच्या बारशात पाळण्याच्या पलीकडून तो गोटा मीच घेतला. उद्या पाह्य दुसरी कोनी."

ती सूप उचलून आत गेली. दार धाडकन लागलं. शीला डोळ्यांना पदर लावत परतली.

तेजरामच्या पुढ्यात भात होता. घास तोंडात फिरत राहिला. बाहेर ऊन तापत होतं आणि तिकडे माल घटकेघटकेला घट्ट होत होता. ताट सारून तो उठला, छन्नी-हातोडा घेतला.

पायव्याशी राखी बाहुली घेऊन बसली होती.

"बाई, हा कोपरा तोडा लागते."

"मेरा हाथ है उसमें."

"हौ. मालूम हाये."

ती उठून उभी राहिली. त्यानं पहिला घाव घातला तेव्हा पंज्याची बोटं निखळली. वरवंटा निघाला, सिमेंटनं माखलेला, सकाळच्या हातोडीनं एका टोकाचा टवका उडालेला. आवाज ऐकून शीला दारात आली. दगडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"इचारलं तवा काहून नाई सांगितलं?"

 न्हाणीतल्या काथ्यानं तेजरामनं वरवंटा घासघासून धुतला आणि गमछ्यात गुंडाळून स्वतःच चंपाबाईच्या दारात गेला.

"चंपाबाई, वरवंटा मी गाडलता. जाणूनबुजून. शीलाले खोटं बोललो, म्हणून तुमच्यावर आळ आला."

चंपाबाईनं टवका उडालेल्या टोकावर बोट फिरवलं.

"मिस्त्री, लोकायच्या पायव्यात सिमेंट टाकता, अन् घरच्यात बायकोची लाज?"

"चुकलो."

"शीलानं मले चोर म्हटलं ते वेगळं. तिच्याशी मी पाहून घेईन." मग म्हणाली, "उद्याचं उद्या."

ती बारशाला येणार की नाही, ते त्याला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

घरी येऊन त्यानं कोपऱ्यापुरता नवा माल कालवला, गुळगुळीत केला आणि राखीला हाक मारली.

"ये, पंजा मार."

तिनं हात पाठीमागे नेला. "आप फिर तोड दोगे."

 उन्हं उतरली. तेजरामनं बालटी भरली आणि राखीच्या पंज्यासाठी ओला कोपरा तसाच ठेवून बाकी पायव्यावर पाणी मारू लागला.