डोहातला मांगूर

मांजर्लीच्या वरच्या अंगाला, उल्हास नदीच्या एका डोहाकाठी बनूबाई चाळीस वर्षं भाजी पिकवते, अधूनमधून जाळंही टाकते. यंदा जूनच्या सुरुवातीला डोहात मगरीची पिल्लं दिसली. वीतभर लांबीची, अकरा. मादी खडकावरून राखण करायची, बनूबाई बांधावरून.

दोन दिवसांनी नऊ उरली. मग सात.

कोणीतरी नेतंय, हे तिने ठरवूनच टाकलं. शहरातल्या कॅम्प नंबर तीनमधला शोभेच्या माशांचा एक दुकानदार मागे काठावर हिंडून गेला होता. आणि भावाचा मुलगा विनीत. एमआयडीसीतली पाळी सुटली की थर्माकोलचा खोका गाडीला बांधून तो नदीकडे जायचा.

पाच उरली तेव्हा तिने त्याला बांधावरच अडवलं. "खोक्यात काय हाय रं?"

"बर्फ."

"पिल्लं कोणाला देतोस?"

"डोकं फिरलं का, आत्ये? मादी समोर बसलीय. पाण्यात हात घातला तर परत येईल का?"

खरं होतं ते. पण खोका त्याने उघडला नाही, हेही खरं.

दुसऱ्या सकाळी जाळं जड लागलं. काळा, मिशाळ मांगूर मासा, चारपाच किलोचा. एवढा मांगूर तिने या डोहात कधी पाहिला नव्हता. विळीवर पोट चिरलं, तर आत मगरीचं पिल्लू. बनूबाईने विळी बाजूला सारली. उगाच पोरावर आळ घेतला.

तशीच ती त्याच्या घरी गेली. विनीत कामावर होता. मागच्या दारी जाळी टाकलेलं निळं पिंप होतं. तिने जाळी सरकवली. आत काळ्या मिशा वळवळत होत्या.

संध्याकाळी तो कबूल झाला. या परदेशी जातीचा मांगूर पाळायला बंदी. तपासणी येणार म्हणून मित्राच्या तळ्यातले मासे तो खोक्यातून नेऊन नदीत सोडत होता. "ते पिल्लं खातील हे मला काय माहीत?"

"काल खरं बोलला असतास तर पाच तरी वाचली असती."

सकाळी तिने त्याला वनखात्याच्या ऑफिसात नेलं. वाटभर त्याला पुढे ठेवलं, स्वतः मागून चालली. माणसं आली, जाळी लागली, सात मोठे मांगूर निघाले.

दिवाळीपर्यंत उरलेली तीन पिल्लं हातभर झाली. विनीतशी ती बोलते, पण जपून.