बाकाच्या टोकाचा माणूस

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. लढाईच्या दिवसांत राहुरीजवळच्या एका मिशन शाळेत मी मास्तर होतो. पवित्र गुरुवारी फादर देवळात बारा जणांचे पाय धूत, येशूने शिष्यांचे धुतले तसे. त्या बाराजणांना बाकावर बसवायचं काम माझं. ओढ्यापलीकडे दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. बाप्तिस्मा त्यांनीही घेतला होता आणि आम्हीही, पण जुनी जात धरून आम्ही ओढ्याअलीकडचे स्वतःला त्यांच्याहून वरचे समजत असू. म्हणून त्यांच्यातल्या त्या एकाला मी दरवर्षी शेवटच्या टोकाला बसवी. परात सगळ्यांना एकच; त्याच्या पायांचं पाणी पुढे कुणाला लागायला नको.

तो तिथे बसे. उजवा तळवा मांडीवर घासत राही, न दिसणारा दोर वळत असल्यासारखा.

एका वर्षी नवे गोरे फादर आले आणि त्यांनी नेमकी त्याच टोकापासून सुरुवात केली. त्या वर्षी बाराजणांत मीही होतो, त्याच्या शेजारीच. परात माझ्यापुढे सरकली, तसे मी पाय बाकाखाली ओढून घेतले.

फादरांचे डोळे भरून आले. "पेत्र!" ते म्हणाले. गुरूकडून पाय कसे धुऊन घ्यायचे, म्हणून पेत्रानेही आधी नकोच म्हटलं होतं. माझा खांदा थोपटून ते पुढे गेले. बाकीच्या दहाजणांनी पाय पुढे केले.

बाहेर पडताना तो माणूस माझ्याजवळ थांबला.

"पेत्रानं मागनं पाय फुडं केलं हुतं, मास्तर."

पुढच्या वर्षी मी त्याला बोलावलंच नाही.