मैदानाकडे पाठ

लालबागला आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत एक गृहस्थ रोज सगळ्यांच्या आधी यायचे. कार्यकर्त्यांशी हुज्जत घालून अगदी रेषेलगतची खुर्ची पकडायचे, रुमालाने ती पुसायचे आणि सामना सुरू झाला की खुर्ची उलटी फिरवून मैदानाकडे पाठ करून बसायचे. यंदा मंडळाने पलीकडच्या प्रेक्षकांसाठी आमच्या खुर्च्यांच्या मागे टीव्हीसारखा मोठा पडदा लावला होता. नुकतीच झालेली चढाई त्यावर पुन्हा, सावकाश दिसायची.

मला काही उमजेना. पडदाच बघायचा तर ही खुर्ची कशाला अडवायची? शेवटी एकदा शेजारी बसून विचारलंच, "काका, खेळ तुमच्या मागे चाललाय."

"ठाऊक आहे," मान न वळवता ते म्हणाले. "पण घरी टीव्हीवर बघून बघून सवय झाली हो. इकडे दिसल्याशिवाय खरं वाटत नाही."

"मग मागे बसा की आरामात."

"छे! पाय आपटल्याचा आवाज नको यायला?"

हे ऐकून मी आणखीच गोंधळलो.

अंतिम सामन्यात चढाईला आलेला गडी पकडीतून निसटला आणि तोल जाऊन थेट त्यांच्या पाठीवर कोसळला. काका खुर्चीसकट आडवे झाले. मी दंडाला धरून त्यांना उठवलं. सदऱ्यावर मातीने भरलेला, ओला पंजा उमटला होता.

"काका, कुठे लागलं का?"

कोपर चोळत ते पडद्याकडे बघत म्हणाले, "थांबा, आता दाखवतील."

आणि त्यांचा दंड तसाच हातात धरून मीही पडद्याकडे बघत उभा राहिलो.